पाठीमागचा पत्रा

१

पत्रा ठोकणं हे एकट्याचं काम नव्हे. ज्याला हे कळत नाही त्याने आमच्या धंद्यात पडू नये. एकजण बाहेरून हातोडा मारतो, दुसरा आतून त्याच जागी लोखंडाचा ठोकळा दाबून धरतो. मागे ठोकळा नसला तर पत्रा सपाट होत नाही, ताणला जातो, आणि एकदा ताणला की कायमचा लुळा पडतो. बाहेरच्याला आतला दिसत नाही, आतल्याला बाहेरचा दिसत नाही. सगळा कारभार आवाजावर. मोकळ्या पत्र्यावर हातोडा पडला तर ठण्ण. मागे ठोकळा असला तर टक्. आणि मागे कुणी माणूस टेकून बसलेला असला तर आवाज मरतो. थप्. पिठाच्या पोत्यावर मारल्यासारखा.

मी चौथीपर्यंत शिकलो, आणि चौथीसुद्धा मास्तरांनी कंटाळून पास केली. पण हे तीन आवाज मला ताप आलेला असला तरी कळतात. त्यात माझी चूक होणार नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून शहाणी माणसं म्हणणार, म्हाताऱ्याचे कान गेले.

ठोकळा धरायला माझा मेव्हणा धोंडीबा. माझ्या बायकोचा, शेवंतीचा, धाकटा भाऊ. त्याची बायको वारली, मूलबाळ नाही, म्हणून जेवायला आमच्याकडे आणि कामाला माझ्याकडे. गडी कामाचा, पण तोंड म्हणजे गिरणी. आत बसून ठोकळा धरायचा आणि पत्र्याआडून बोलत राहायचा. कुणाचं लग्न जमलं, कुणाची म्हैस आटली, कोपरीतल्या कुठल्या बाईने कुणाला काय सुनावलं. मी बाहेरून ओरडायचो, "अरे गप की जरा! मला पत्रा ऐकू दे."

"पत्रा काय सांगतो दाजी, मी सांगतो ते ऐका."

असं आमचं चाललेलं. ठाण्याला कोपरीत स्टेशनच्या मागल्या अंगाला माझी शेड होती, तिथे.

२

सन पन्नासच्या उन्हाळ्यात कर्णिकांनी ती मोटर आणली. हरिहर कर्णिक, डोंबिवलीचे. शिकलेला माणूस, नोकरी सोडून मोटारीच्या धंद्यात पडलेला, म्हणजे शिकून काय होतं ते बघा. डोंबिवली स्टेशन ते मानपाडा अशी पाशिंजर मोटर चालवायची त्यांच्या डोक्यात होती. दुसऱ्या लॉरीला साखळी बांधून ही ओढत आणली. लढाईतली, पलटणीची माणसं नेणारी. चारी बाजूंनी पत्र्याची पेटी, मागे दार, आत दोन्ही अंगांना लांब बाकं. बाकांची लाकडं वाळवीने खाल्लेली, लोखंडी पाय तेवढे उभे.

"मिस्त्री, हिला माणसात आणा," कर्णिक म्हणाले. "खिडक्या, रंग वगैरे कल्याणला होईल. तुम्ही फक्त पत्रा बघा."

"होती कुठे ही?"

"कल्याणला कॅम्पात. बराकींच्या मागे गवतात."

तेव्हा मला पहिल्यांदा नवल वाटलं. कल्याणच्या कॅम्पात पलटणी होत्या तो काळ गेला होता. तिथे आता सिंधी लोक राहायला आले होते, बिचारे सगळं टाकून आलेले. पावसाळ्याआधी तिथे पत्र्याचा तुकडा मिळायचा नाही. बराकींची कौलं, खिळे, दारांच्या बिजागऱ्यासुद्धा माणसं काढून न्यायची, आणि का नेऊ नयेत? डोक्यावर छप्पर नको का? आणि ही एवढी मोटर, चार घरं शाकारतील एवढा पत्रा अंगावर, इतकी वर्षं गवतात पडून, आणि तिला कुणी हात लावलेला नाही. एक स्क्रूसुद्धा गेलेला नव्हता.

"नशीब तुमचं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

धोंडीबा आत शिरला होता. आतून हाक आली. "दाजी, जरा या तर. गंमत बघा."

आत गेलो. आत सगळा गंज. बोट लावलं की पापडासारखा सुटत होता. पण बाकांच्या वर, माणूस बसला की पाठ टेकेल त्या उंचीला, पत्रा चकचकीत होता. एकेक पाठीएवढा ठिपका, दोन्ही बाजूंना ओळीने. देवळातल्या खांबाला लोक टेकून टेकून जसा गुळगुळीत होतो तसा. डाव्या अंगाला, पुढल्या कोपऱ्याच्या अलीकडे, एका पाठीएवढ्या जागेत तेवढा गंज होता.

"शिपाई टेकून बसायचे, त्याने झालं," मी म्हणालो.

"ते कळलं हो. पण शिपाई जाऊन किती वर्षं झाली? गंजला नको?"

मी ठिपक्यावर हात ठेवला. पत्रा गार होता, आणि रोज अंगाला घासणारी वस्तू होते तसा थोडा तेलकट.

"तेल पाजलं असेल कुणीतरी," मी म्हणालो.

"टेकायच्या जागेपुरतं?"

मी त्याला म्हणालो, छिन्नी आण.

३

खालचा पत्रा सगळा गेलेलाच होता. दोन्ही बाजूंचा कमरेपासून खांद्यापर्यंतचा कापून काढला आणि नवा बसवला. चकचकीत ठिपके, गंजलेली जागा, सगळं भंगारात. नवा पत्रा मी स्वतः निवडून आणला होता, आरशासारखा सपाट. गॅसने जोडला, सांधे ठोकून बसवले, संध्याकाळी घरी गेलो.

सकाळी येऊन बघतो तर पत्र्याला बाहेरून पोक आलेलं. मोठं नाही, डोळ्याला दिसेल न दिसेल एवढं. पण हात फिरवला की कळायचं. आतून बाहेर फुगलेला.

आता यात भुताटकी काही नाही. गॅसच्या उष्णतेने पत्रा वेडावाकडा होतोच, घाई केली की हमखास. मी मलाच शिव्या दिल्या आणि ठोकायला बसलो. धोंडीबा आत. त्याने बाकाच्या लोखंडी पायांवर एक लांब फळी टाकली होती, तिच्यावर बसून ठोकळा धरायचा. संध्याकाळपर्यंत पत्रा पुन्हा सपाट.

दुसऱ्या सकाळी पुन्हा पोक.

मग मला चेव आला. उष्णतेने पत्रा एकदा फिरतो, गार झाल्यावर रोज कसा फिरेल? मी अख्ख्या पत्र्याला तांबड्या रंगाचा पातळ हात मारला आणि वाळल्यावर सपाट विटेने वरून घासला. आमची ही जुनी युक्ती. जिथे पत्रा उंच असेल तिथला रंग निघतो आणि लोखंड चमकतं, खोलगट असेल तिथे तांबडं राहतं. डोळा फसतो, वीट फसत नाही.

घासून झालं आणि मी मागे सरकून उभा राहिलो. शेडच्या दारातून चांगलं ऊन येत होतं.

तांबड्या पत्र्यावर पाठी उमटल्या होत्या. ओळीने. प्रत्येकीला दोन फरे, म्हणजे खांद्यांची पाती, आणि मधोमध कण्याची रेघ. एक रुंद होती, पैलवानासारखी. एक अरुंद, थोडी पुढे वाकलेली. एकाचा एक खांदा उतरलेला होता. आणि कोपऱ्याच्या अलीकडे एक जागा तांबडी, सपाट.

धोंडीबा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, "दाजी, तो ठिपक्यांचा पत्रा तर तुम्ही भंगारात टाकलात ना?"

"टाकला."

"मग हे कुणीकडून आले?"

खरं सांगतो, भीती वाटली नाही. मला कळत नव्हतं याचा राग आला आणि बघायची इच्छा झाली. घड्याळ बिघडलं की उघडून बघावंसं वाटतं, तसं.

४

मी धोंडीबाला बाहेर उभा केला. मोटर रिकामी, दार सताड उघडं, आरपार दिसतंय. हातोडा घेतला आणि त्या पैलवानी पाठीवर मारला.

थप्.

पुढच्या पाठीवर मारला. थप्. तिसऱ्या. थप्.

"आत कुणी आहे का बघ."

"कुणी नाही. दिसतंय की तुम्हाला."

"अरे जाऊन बघ!"

तो आत गेला. फळीवरून हात फिरवला, खाली वाकून बघितलं. "मोकळं आहे!"

"आता तू बाहेर ये. मी आत जातो. तू मार."

मी आत गेलो, त्या जागेसमोर तोंड करून उभा राहिलो. त्याने बाहेरून मारला. ठण्ण! कानठळ्या बसल्या. पत्रा माझ्या डोळ्यांसमोर थरथरत होता, मागेपुढे काही नाही.

"वाजला की नीट!" मी ओरडलो.

"नाही वाजला! थप् झालं!"

"बहिरा आहेस का? इथे माझे कान फुटले!"

"बहिरे तुम्ही! मी बाहेर आहे, मला काय ऐकू येतं ते मला ठाऊक!"

आम्ही आलटून पालटून पुष्कळ वेळा केलं. आत असलेल्याला मोकळा पत्रा ऐकू यायचा, बाहेरच्याला भरलेला. दोघेही घामाघूम होऊन भांडलो. शेजारच्या विमलाबाई भाकऱ्या टाकता टाकता उठून आल्या, "काय रे, दोन म्हातारे कशापायी मारामारी करताय?" त्यांच्या हातात हातोडा दिला. त्यांनी एक मारला, हातोडा टाकला, पदराने हात पुसला आणि म्हणाल्या, "माणसाला मारू नये असं," आणि गेल्या. त्यांना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं.

५

इथवर नुसतं कोडं होतं. ते कोडंच राहिलं असतं तर मी हे लिहितही बसलो नसतो. पण धोंडीबा आत बसायला लागला.

वैशाखातलं ऊन, शेडचं छप्पर पत्र्याचं. आम्ही भाजून निघायचो, आणि मोटारीच्या आत मात्र गारवा. दुपारची भाकरी तो आत जाऊन खाऊ लागला. मग विडीही आत. मग ठोकळा धरायचं काम नसलं तरी आतच. बसायचा कुठे, तर डाव्या अंगाला, कोपऱ्याच्या अलीकडे. मी विचारलं, "बाकीची फळी काय वाईट आहे?"

"तिथे बरं वाटत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे... आपली जागा नव्हे असं वाटतं."

आणि तो गप्प झाला. गिरणी बंद पडली. ठोकताना मी मुद्दाम काहीतरी विचारायचो, आतून नुसतं "हं" यायचं. कधी कधी तो हलक्या आवाजात बोलायचा, पण माझ्याशी नव्हे. मी हातोडा थांबवला की तोही थांबायचा.

एकदा शेवंती जेवण घेऊन आली. दारातून आत बघत उभी राहिली. मी बाहेर हात धूत होतो. ती माझ्याजवळ आली ती पांढरीफटक.

"अहो, धोंडू सरकला."

"सरकला म्हणजे?"

"मी डबा घेऊन उभी होते. तो अंग चोरून बसला होता, गुडघे जवळ घेऊन. तेवढ्यात इकडे सरकला, मग तिकडे थोडा सरकला. कुणाला तरी म्हणाला, बसा की, होतंय."

त्याला बाहेर काढून तिने विचारलं. तो हसला. "अक्का, तुझं आपलं काहीतरी. थोडं बरं वाटतं आत. घरी गेलं की खोलीत भिंती तेवढ्या. इथे कसं, चार माणसांत बसल्यासारखं वाटतं."

ती माझ्याकडे वळली. "तुमची मोटर आणि तुमचा पत्रा गेला खड्ड्यात. माझा भाऊ मी जसा दिला होता तसा मला परत द्या."

मी त्याला सांगितलं, उद्यापासून आत बसायचं नाही. तो "बरं" म्हणाला. इतक्या पटकन तो आयुष्यात कशालाही बरं म्हणाला नव्हता.

६

दुसरा दिवस उजाडला. त्या संध्याकाळी कर्णिक मोटर न्यायला येणार होते. मी पाठी ठोकून ठोकून शेवटचा हात फिरवत होतो, निदान संध्याकाळपर्यंत सपाट राहतील म्हणून. धोंडीबा पाणी आणायला गेला असं मी समजत होतो. दुपार कलली होती. मी डाव्या बाजूने येत येत कोपऱ्याच्या अलीकडे आलो आणि सवयीने त्या सपाट जागेवर मारलं.

ठण्ण.

आतून धोंडीबाचा आवाज आला, अगदी हातोड्याखालून. "दाजी, हळू. टेकलोय ना मी."

मी हातोडा तसाच धरून उभा राहिलो.

"काय म्हणालास?"

"टेकलोय म्हटलं. पाठीला लागतं."

मी पुन्हा मारलं, बोटाच्या पेराने टकटक करावी तेवढं हलकं. ठण्ण. घंटेसारखं. शेजारी मारलं, जिथे कुणी नव्हतं. थप्. पुन्हा त्याच्या जागी. ठण्ण. जिथे माणूस बसला होता, तेवढीच जागा रिकामी वाजत होती.

मी मागच्या दाराकडे धावलो. धावलो म्हणजे माझ्या वयाला जमतं तेवढा.

उन्हातून आलो होतो, डोळ्यांपुढे अंधारी होती. जे बघितलं ते सांगतो, त्याहून जास्त मला विचारू नका. धोंडीबा आपल्या जागी बसला होता. खांदे आवळलेले, हात मांड्यांत, भरल्या जागेत माणूस बसतो तसा. दोन्ही बाह्या दंडाला चपट्या दाबल्या गेल्या होत्या. आणि ती फळी, ती लांब फळी, त्याच्या दोन्ही अंगांना पार टोकापर्यंत खाली वाकली होती.

"ऊठ."

"कशाला? आता निघायचंच आहे."

"कुठे?"

त्याने शेजारी बघितलं, माझ्याकडे नाही, जसं काही उत्तर तिकडून यायचं होतं.

मी त्याचं मनगट धरलं आणि ओढलं. त्याचा सदरा अडकला होता, त्याचा घोळ फळीवर पसरलेला, वर काही नाही, तरी निघेना. दात खाऊन हिसका मारला, घोळ फाटला आणि आम्ही दोघे दारातून खाली पडलो. पडता पडता माझी नजर फळीवर गेली. उठलेल्या माणसाचं वजन कमी झालं की फळी जरा तरी वर येते. ती आली नाही.

धोंडीबा रडत होता. लहान मुलासारखा नव्हे, बाप्या माणूस गावातून हाकलला गेल्यावर रडेल तसा. मी त्याला बाहेर उन्हात उभा केला, पाणी पाजलं. मग माझा तो हलकट स्वभाव. मला राहवेना. मी त्याला धरूनच त्या कोपऱ्याच्या जागेपाशी गेलो आणि हातोडा मारला.

थप्.

आणि माझ्या शेजारी उभा असलेला धोंडीबा कळवळला. त्याचा हात आपसूक मागे गेला, उजव्या फऱ्याखाली.

मी पत्र्यावरून तळवा फिरवला. सकाळी सपाट असलेल्या जागी पोक होतं. फऱ्यांचं, कण्याचं. धोंडीबाचा कणा खालच्या बाजूला किंचित डावीकडे आहे, लहानपणी झाडावरून पडला होता तेव्हापासून. तेही होतं.

७

तेवढा तुकडा कापून ठेवून घ्यावा असं माझ्या मनात आलं. छिन्नी पत्र्याला लावलीही. पण हातोड्याने जो कळवळतो त्याचं छिन्नीने काय होईल? मी छिन्नी खाली ठेवली.

कर्णिक आले. मी त्यांना आयुष्यात कुणाला केली नाही एवढी विनवणी केली. "साहेब, एवढी जागा सोडा. वरून रंग मारा, काहीही करा, पण ठोकू नका. ठोकू देऊ नका कुणाला."

"मिस्त्री, तुमच्यासारखा माणूस पोक ठेवून काम देतो?" ते हसले. "लोक मला हसतील हो."

"मला हसू देत. माझं नाव सांगा."

"बघू, सांगतो कल्याणवाल्यांना," ते म्हणाले. शिकलेल्या माणसाचं बघू. मोटर साखळीने ओढत नेली. माजिवड्याच्या बाजूने वळेपर्यंत धोंडीबा रस्त्यात उभा राहून बघत होता. शेवंतीने त्याला दंडाला धरून घरी आणला.

घरी तो बरा होता. थोडं बोलायलाही लागला. फक्त भिंतीला टेकेना. शेवंती खूश होती, रोज काहीतरी गोड करायची. मला म्हणायची, "आला माझा भाऊ."

पुढच्या सोमवारी आम्ही दुपारी जेवायला बसलो होतो. धोंडीबा कोपरीतल्या कुठल्याशा भांडणाची गोष्ट सांगत होता, हातात घास. मधेच थांबला. पाठ ताठ झाली. घास ताटात पडला.

"काय रे?" शेवंती म्हणाली. "ठसका लागला का?"

त्याने माझ्याकडे बघितलं. आणि पुन्हा त्याचं सगळं अंग पुढे हललं, कुणीतरी मागून मारावं तसं. पाठीमागे तर कुणी नव्हतं. मग पुन्हा.

मी उठलो, त्याच्या मागे जाऊन बसलो, सदऱ्याखालून हात घातला आणि तळवा पाठीवर दाबून धरला. दुसरं काय करणार? कुणीतरी कल्याणला बसून ठोकत होता. ठोका आला की मला तळव्याला कळायचा, पलीकडून, हाडातून. तो जिथे मारेल तिथे मी हात नेत होतो. मुद्दाम सांगतो, ठोकणारा अडाणी होता. एका जागी चार मारायचा, कडा सोडून मधे घुसायचा, मागे ठोकळा धरणारा कुणी ठेवला नव्हता. असं काम मी दारात उभं केलं नसतं. मी सगळा जोर लावून दाबून धरत होतो, पत्रा ताणला जाऊ नये म्हणून. धोंडीबा दात आवळून बसला होता. शेवंती ओरडत होती, अहो काय करताय, अहो सोडा त्याला.

कितीतरी वेळाने ठोके थांबले. मग माझ्या तळव्याखालून सपाट विटेने घासल्यासारखं काहीतरी गेलं, वरून खाली, एकदाच.

धोंडीबाने श्वास सोडला. घास उचलला. "अक्का, आमटी वाढ," तो म्हणाला.

मी हात काढला नाही. तळवा हळूहळू फिरवला, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, मग मानेपासून कमरेपर्यंत. पुन्हा फिरवला. फरे लागेनात. कणा लागेना. हाताला गुळगुळीत, गार आणि एकसारखं लागत होतं, आणि शेवंती समोर वाटीत आमटी घेऊन विचारत होती, "अहो, बरा आहे ना तो?"